सतरा नंबरची सावली

सुहास खटावकरांना पडक्या जागांचा नाद लागला तो लग्नांमुळे.

चाळीस वर्षं त्यांनी कराडात लग्नांचे फोटो काढले. चाळीस वर्षं लोकांना 'जरा हसा' म्हणून सांगितलं आणि चाळीस वर्षं 'अल्बम कधी देताय?' हा प्रश्न ऐकला. मग मधल्या कुठल्याशा रविवारी ते एका बंद पडलेल्या सूतगिरणीत शिरले. आत कोणी नव्हतं. कोणी हसत नव्हतं, कोणाला हसायला सांगावं लागत नव्हतं आणि अल्बम कोणालाच नको होता. खटावकर तिथे पाच तास रमले आणि घरी येऊन बायकोला म्हणाले, "इतकं चांगलं लग्न मी आजवर पाहिलं नाही."

तेव्हापासून बंद वसतिगृहं झाली, ओस पडलेली विश्रामगृहं झाली, शेवाळलेला एक पोहण्याचा तलावही झाला. पण बंद दवाखान्याची सर कशालाच नाही, असं त्यांचं ठाम मत बनलं. गंजलेली खाट आणि तिच्या पायाशी अजून टांगलेला तापाचा तक्ता. तक्त्यावरची रेघ चढत चढत जाते आणि कागद संपतो. पुढे काय झालं ते कळत नाही. हे न कळणं खटावकरांना फार आवडायचं. अंगावर काटा यायचा आणि लगेच पुन्हा जावंसं वाटायचं.

वनिताबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, यातलं काही पटत नसे. त्या सरकारी दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. "आम्ही जन्मभर दवाखाने स्वच्छ ठेवले, आणि तुम्हाला ते घाण झाल्यावर आवडायला लागले," एवढंच त्या म्हणत.

कराडच्या छायासाधक मंडळात मात्र खटावकरांच्या पडझडीला मान होता. दर गुरुवारी शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात मंडळ भरे, खटावकर आपली नवी पडझड दाखवत आणि सभासद 'वा' म्हणत. डॉक्टर प्रफुल्ल नाडगौडासुद्धा म्हणत. नाडगौडा दातांचे डॉक्टर. फोटोतलं त्यांना फारसं कळत नाही असं खटावकर प्रेमाने सगळ्यांना सांगत.

मग सावलीकॅमेरा आला.

विद्यापीठाने मंडळाला एक यंत्र वापरायला दिलं. त्याचं तत्त्व समजायला अवघड नाही. नाडगौडांनी ते चौदा वेळा समजावून सांगितलं, त्यातल्या तिसऱ्या वेळेला खटावकरांना कळलं. भिंतीच्या चुन्यात वाळूचे बारीक कण असतात. आसपासच्या दगडमातीत किंचित किरणोत्सर्ग असतोच, आपल्याला त्याचा त्रास होत नाही इतका किंचित. त्याच्या धक्क्याने कणांतले इलेक्ट्रॉन जागचे सुटतात आणि स्फटिकातल्या खाचाखोबणींत जाऊन अडकतात. अडकले की वर्षानुवर्षं अडकून राहतात. उजेड पडला की सुटतात. गाडल्या गेलेल्या वाळूला शेवटचं ऊन कधी लागलं, हे पुरातत्त्ववाले याच रीतीने कित्येक वर्षं सांगत आलेत. आता याच गोष्टीची दुसरी बाजू. भिंतीवर रोज उजेड पडतो तिथले इलेक्ट्रॉन सुटत राहतात. पण त्या भिंतीपुढे रोज कोणी येऊन बसत असेल, तर त्याच्या सावलीतल्या कणांत ते साचत जातात. डोळ्यांना काही दिसत नाही, पण भिंतीत त्या माणसाचा ठसा तयार होतो. कॅमेरा भिंतीवर एका ठरावीक निळ्या प्रकाशाचा झोत टाकतो, अडकलेले इलेक्ट्रॉन एकदम सुटतात, सुटताना क्षीणसे चमकतात, आणि पडद्यावर तो माणूस येऊन बसतो.

अटी मात्र कडक. नांदत्या घरात हे जमत नाही, कारण तिथे दिवे, रंग, उघड्या खिडक्या. माणसं निघून गेल्यावर दारंखिडक्या बंद होऊन अंधारात राहिलेलीच भिंत हवी. आत जाताना विजेरीसुद्धा चालत नाही, फक्त मंद लाल दिवा. आणि झोत एकदा टाकला की सगळे इलेक्ट्रॉन सुटून जातात, भिंत कोरी होते. एक भिंत, एक फोटो. शिवाय भिंतीला घटना कळत नाहीत, सवयी कळतात. कोणी एकदा येऊन खून करून गेला तर तिला पत्ता लागत नाही; पण कोणी रोज चारला येऊन चहा पीत बसला, तर तो तिच्या कायम लक्षात राहतो.

या शोधाने राज्यात बरीच रंगरंगोटी झाली. ज्या विश्रामगृहांना वीस वर्षं कोणी हात लावला नव्हता, त्यांना एका महिन्यात दोन-दोन हात बसले. पण सगळ्यात मोठा फटका बसला तो खटावकरांना. गेली तीस वर्षं कुठल्याही पडक्या जागेत शिरलं, की ते आधी खिडक्या उघडत. तिरपं ऊन आत यावं, त्यात धूळ तरंगावी, म्हणून.

"म्हणजे खटावकर," नाडगौडा भर बैठकीत म्हणाले, "तुम्ही एकट्याने जिल्ह्यातल्या दोनशे भिंती धुतल्यात की हो!"

मंडळ हसलं. खटावकरही हसले. 

यंत्र पाळीपाळीने आठ-आठ दिवस मिळायचं. पहिली पाळी नाडगौडांची लागली. त्यांनी एका तालुक्याच्या गावी बंद प्रसूतिगृह शोधलं आणि बाहेरच्या बाकामागच्या भिंतीचा फोटो घेतला. त्या बाकावर चाळीस वर्षांत शेकडो आज्या नातवंडांची वाट बघत बसल्या होत्या. सगळ्या साधारण तिथेच, साधारण तशाच, डोक्यावर पदर घेऊन. भिंतीने त्या सगळ्यांची मिळून एकच आजी केली होती. थोडी पुसट, थोडी जाड, आणि जगातल्या कुठल्याही माणसाला आपली वाटेल अशी. फोटोला राज्य प्रदर्शनात पहिली ढाल मिळाली. बायका त्याच्यापुढे उभ्या राहून डोळे पुसत. नाडगौडांची वर्तमानपत्रात मुलाखत आली. 'मी फक्त निमित्त,' असं ते त्यात म्हणाले होते. ते वाक्य वाचून खटावकरांनी दोन आम्लपित्ताच्या गोळ्या घेतल्या. उपयोग झाला नाही.

खटावकरांची पाळी माघात आली.

"उद्या वाघजाईला जातोय," ते म्हणाले.

वनिताबाई मेथी निवडत होत्या. लग्नाआधी तीन वर्षं त्या वाघजाईच्या क्षयरोग आरोग्यधामात नर्स होत्या. त्यांचं लग्न झालं त्याच महिन्यात ते बंद पडलं, जागेवरून खटला लागला, आणि खिडक्यांना पत्रे ठोकून सगळं तसंच राहिलं.

"तिथे कशाला? काही नाही तिथे."

"काही नाही म्हणूनच."

"जेवणघरापर्यंत जा मग. पुढे उन्हाच्या खोलीत जाऊ नका. तिथे साप असतात."

"छत्तीस वर्षांपूर्वीचे?"

"सापांना पोरं होतात," वनिताबाई म्हणाल्या आणि मेथीच्या काड्या गोळा करून आत गेल्या.

जेवणघरापर्यंत जाण्यात आता काहीच अर्थ उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी राखणदाराने कुलूप काढलं आणि आपण बाहेरच बरे, असं सांगून तो झाडाखाली बसला. खटावकर लाल दिवा घेऊन आत शिरले. त्या दिव्यात सगळंच आतड्यासारखं दिसत होतं. लांबच लांब वॉर्ड, दोन्ही बाजूंना खाटांचे सांगाडे, प्रत्येक खाटेच्या वर भिंतीवर काळ्या रंगाने नंबर. एका खाटेखाली चपलांचा जोड होता, बोटं बाहेरच्या दिशेला करून, कोणी आत्ता पाय सोडून बसेल असा. कुठेतरी पत्र्याची फट वाऱ्याने शिट्टी वाजवत होती, आणि ती खोकल्यासारखी थांबून थांबून वाजत होती. खटावकरांच्या अंगावर काटा आला. त्यांना बरं वाटलं.

उन्हाची खोली वॉर्डाच्या टोकाला होती. पूर्वेला एक मोठी खिडकी, पश्चिमेला एक, आणि मधल्या लांब भिंतीला लागून सहा माणसं बसतील असं सिमेंटचं बाक. खटावकरांनी फटींवर काळं कापड लावलं, यंत्र उभं केलं, साप नाहीत याची खात्री केली आणि झोत टाकला.

पडद्यावर आधी नुसती राख पसरली. मग राखेतून दोन माणसं वर आली.

उजवीकडे एक बाई, डोक्यावर नर्सची टोपी. एक पाय बाकावर उचलून घेतलेला आणि गुडघ्यावर हनुवटी. पस्तीस वर्षं खटावकर जेवणाच्या टेबलापाशी रोज हीच बैठक बघत आले होते. आणि डावीकडे, तिच्या खांद्याला खांदा लावून, एक पुरुष. सडपातळ, लांब नाकाचा, किंचित पुढे वाकलेला. दोघांच्या खांद्यांमध्ये बोटभरही उजेड नव्हता.

पहिल्यांदा खटावकरांना जे वाटलं, ते नवऱ्याला शोभणारं नव्हतं. पहिल्यांदा त्यांना वाटलं, नाडगौडा मेला.

दुसरं मग वाटलं.

रात्रीच्या जेवणाला दोडक्याची भाजी होती. खटावकरांनी सहज विचारावं तसं विचारलं, "वाघजाईला डॉक्टर कोण कोण होते गं?"

"दोन होते. एक म्हातारे आणि एक त्याहून म्हातारे."

"कम्पाउंडर?"

"कम्पाउंडर जाडा होता."

"लांब नाकाचं कोणी?"

वनिताबाईंनी भाकरी मोडायची थांबवली. "पोलिसात नोकरी लागली का तुम्हाला?"

"नाही, आपलं सहज. नाकांवरून आठवलं."

"काय आठवलं?"

खटावकरांनी आणखी थोडी भाजी वाढून घेतली. त्यांचं स्वतःचं नाक बसकं होतं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं वनिताबाई त्याला 'बटण' म्हणत. तेव्हा ते लाडाचं वाटायचं. आता खटावकरांना त्यात तुलना दिसू लागली.

पुढच्या आठ दिवसांत त्यांचं वजन दोन किलोंनी घटलं. एका पोटात दोन मत्सर सांभाळणं सोपं नसतं, त्यातून ते दोन्ही एकमेकांशी भांडणारे असले तर फारच हाल. नाडगौडांचा मत्सर म्हणे, हा फोटो प्रदर्शनात पाठव, ती आजी याच्यापुढे पाणी भरेल. त्या लांब नाकाचा मत्सर म्हणे, पुसून टाक, भिंतीवरून गेलाच आहे, यंत्रातूनही जाऊ दे. सकाळी खटावकर प्रवेशिका भरायला बसत, फोटोला नाव द्यायच्या ओळीपर्यंत येत आणि तिथे 'सहवास' असं लिहून स्वतःच्याच हातावर चिडत. दुपारी ते पुसायच्या बटणावर बोट ठेवत, आणि मग शेवटचं एकदा बघू म्हणून फोटो उघडत. फोटो इतका सुंदर होता, की बोट आपोआप मागे येई.

आठव्या दिवशी संध्याकाळी यंत्र न्यायला नाडगौडा घरी आले. वनिताबाई शेजारी गेल्या होत्या. खटावकरांनी फोटो दाखवायचा नाही असं पक्कं ठरवलं होतं. पण नाडगौडांनी 'काय मिळालं का काही?' हे असं विचारलं, की त्यातल्या 'का काही'ने खटावकरांचा निश्चय ढासळला.

नाडगौडा पडद्यावर वाकले. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. चेहरा उतरलेला. खटावकरांना आठ दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

"फार मोठा फोटो आहे," नाडगौडा कष्टाने म्हणाले. "पण एक सांगू का? ही दोघं एकत्र नाहीत."

"म्हणजे?"

"बाकाच्या पायाची सावली बघा. पाय एक आहे, सावल्या दोन. एक डावीकडे पडलीय, एक उजवीकडे. दातांच्या एक्स-रेत असं व्हायचं आमच्याकडे, दोन एकावर एक आले की. इथे पूर्वेला खिडकी, पश्चिमेला खिडकी. सकाळच्या उन्हाची सावली एका बाजूला, संध्याकाळच्या उन्हाची दुसऱ्या बाजूला. हा पुरुष सकाळी बसायचा. ही बाई संध्याकाळी. एकमेकांना भेटलेही नसतील बाकावर."

खटावकर पडद्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षं ज्या माणसाने मांडवात दोन दिवे लावून नवरीमागच्या दोन सावल्या घालवण्यात हाडं झिजवली, त्याला दोन खिडक्यांच्या दोन सावल्या दिसल्या नव्हत्या. आणि दाखवल्या कोणी, तर दातांच्या डॉक्टराने. पण त्या क्षणी त्यांना त्याचंही काही वाटलं नाही. ते नाडगौडांना मिठी मारणार होते.

"गंमत एकच," नाडगौडा पुढे म्हणाले. "बाक सहा माणसांचं. मोकळीच जागा सगळी. तरी दोघंही नेमके एकाच जागेवर बसायचे. शेजारी नव्हे हो, त्याच जागेवर. सावल्या शेजारी दिसतात त्या म्हणूनच. एखादा इंच इकडेतिकडे नाही. मजा आहे ना?"

मिठी राहून गेली.

'यंत्र उद्या न्या' म्हणून खटावकरांनी नाडगौडांना वाटेला लावलं. वनिताबाई परत आल्या तेव्हा ते टेबलापाशी न्यायाधीशासारखे बसले होते. त्यांनी पडदा बायकोपुढे सरकवला. वनिताबाईंनी पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि बघितलं.

"पाय खाली ठेवून बसायची सवय मला कधी लागलीच नाही," वनिताबाई म्हणाल्या.

"आणि हा कोण?"

"सतरा नंबर."

"नाव?"

"आमच्याकडे नावं नसायची. सतरा नंबर. औषधं त्याच्या आजाराला जुमानत नव्हती, म्हणून सोळा महिने राहिला. सात ते नऊ पेशंटची उन्हाची वेळ. बाकीचे बाहेर अंगणात बसायचे, हा एकटाच आत. स्टाफने पेशंटशेजारी बसायचं नाही, असा नियम होता. आमच्या मेट्रनबाई फार कडक."

"म्हणून तू संध्याकाळी बसायचीस."

"चारला ड्युटी सुटायची. खोली रिकामी असायची."

"रिकामी होती, तर दुसऱ्या टोकाला बसायचं होतंस. सहा माणसांचं बाक आहे."

वनिताबाईंनी काही लपवलं नाही. "तिथे ऊब असायची."

"सकाळी नऊला उठून गेलेल्या माणसाची ऊब संध्याकाळी चारपर्यंत?"

"नाही राहत. नर्सला कळतं तेवढं. तरी बसायचे."

खटावकर पाणी प्यायले. "बोलायचात?"

"रोज. मी विचारायचे, गोळ्या घेतल्या का? तो म्हणायचा, घेतल्या."

"एवढंच?"

"कधी कधी मी परत विचारायचे."

"मग काय झालं त्याचं?"

"काय व्हायचंय? बरा होऊन गेला. आमच्याकडून बरे होऊनही जायचे लोक, फक्त ते कोणाला आठवत नाही. जाताना सगळ्यांना पेढे वाटले. मला एक दिला. सगळ्यांना एकेकच दिला."

"त्याला ठाऊक होतं? तू त्याच्या जागेवर बसतेस ते?"

"तुम्हाला पस्तीस वर्षांत ठाऊक झालं नाही, त्याला कुठून होणार?"

हे वाक्य खटावकरांना जितकं लागायला हवं होतं, तितकं लागलं. ते उठले. "मी पुसून टाकतो हा," ते म्हणाले. आवाज उदार ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला.

"पुसा. भिंतीवर आहेच की."

खटावकरांचं बोट पुसायच्या बटणावर थबकलं.

"नाही?" वनिताबाईंनी विचारलं.

"फोटो काढला की जातं ते. भिंत कोरी होते."

वनिताबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या रडल्या असत्या, तर खटावकरांना काहीतरी करता आलं असतं. त्या नुसत्या बसून राहिल्या, पाय वर घेऊन, गुडघ्यावर हनुवटी ठेवून.

"म्हणजे आता एवढंच उरलंय," त्या म्हणाल्या. "मला विचारायचं तरी."

"तू साप म्हणालीस."

"मग काय म्हणणार होते?"

शेवटी वनिताबाई उठल्या आणि त्यांनी कुकरला शिट्टी लावली. मागे न वळता त्या म्हणाल्या, "प्रदर्शनात लावू नका. लोक त्याला काहीतरी नाव देतील. प्रेम, विरह, सहवास, असलं काहीतरी. तसं काही नव्हतं ते. काय होतं ते मला माहितेय, त्याला नाव नको."

खटावकरांनी 'सहवास' हा शब्द गिळला.

"आणि एक प्रत काढून द्या. छोटीशी. कपाटात मावेल एवढी."

प्रवेशिकांची शेवटची तारीख गुरुवार होती, संध्याकाळी पाचपर्यंत. दुपारी तीनला खटावकर स्टुडिओत बसले. समोर भरलेली प्रवेशिका, बाजूला छपाईचं यंत्र. ढाल त्यांना स्पष्ट दिसत होती. नाडगौडांचा टाळ्या वाजवणारा चेहरा तर त्याहून स्पष्ट दिसत होता, आणि खरं सांगायचं तर त्यांना ढालीपेक्षा तोच हवा होता. आजवर आपल्या आयुष्यात एवढा मोठा फोटो आला नाही आणि पुढे येणार नाही, हे त्यांना कळत होतं. पण प्रवेशिकेवर एक ओळ होती, 'छायाचित्रातील व्यक्तींची परवानगी घेतली आहे काय?' त्या ओळीपुढे बरोबरची खूण करायला त्यांनी चारदा हात नेला. चारही वेळा त्यांना ऐकू आलं, मला विचारायचं तरी.

पावणेपाचला त्यांनी छपाईचं बटण दाबलं. कागद सावकाश बाहेर येऊ लागला. आधी टोपी आली, मग नाक. कागद पूर्ण बाहेर येईपर्यंत पाच वाजून गेले.

त्या वर्षीही पहिली ढाल नाडगौडांनाच मिळाली. एका बंद कोर्टातल्या बाकावर पिढ्यान्‌पिढ्या तारखेची वाट बघणाऱ्यांचा मिळून झालेला एक माणूस. बक्षीस समारंभाहून परत आल्याबरोबर त्यांनी फोन केला.

"का नाही पाठवलात?"

"घरगुती कारण."

"घरगुती? अहो, परीक्षक माझं कौतुक करत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे तुमचा तो फोटो! ढाल हातात घेताना वाटलं, ही कोणा दुसऱ्याची आहे. जेवण गेलं नाही मला. पोटात सारखी कळ येतेय."

"आम्लपित्त असेल," खटावकर म्हणाले. "दोन गोळ्या घ्या. उपयोग होणार नाही, पण घ्या."

पुढचे चार दिवस खटावकर गुणगुणत हिंडले.

पाचव्या दिवशी त्यांना कपाटाची आठवण झाली. प्रत वनिताबाईंच्या साड्यांमध्ये होती, मोरपंखी इरकलीच्या घडीत. वनिताबाई दुपारी योगाच्या वर्गाला जात. खटावकरांनी कपाट उघडलं, फोटो बघितला आणि ठेवताना त्याचा एक कोपरा इरकलीच्या काठाला बरोबर टेकवून ठेवला. दुसऱ्या दिवशी बघितलं, तर कोपरा जागच्या जागी. तिसऱ्या दिवशीही. म्हणजे ती बघत नाही. याने समाधान व्हायला हवं होतं. पण मत्सराला गणित येतं. खटावकरांच्या मनात आलं, ज्या माणसाला बघायला फोटो बाहेर काढावा लागत नाही, तो फोटोत नसतो, दुसरीकडेच कुठेतरी असतो. मग ते रोज बघू लागले. बघता बघता सतरा नंबरची त्यांना चांगली माहिती झाली. त्याची कॉलर मागून थोडी उभी होती. डावा खांदा खाली होता. खोल श्वास घ्या, असं रोज सांगितलं गेलेल्या माणसासारखा तो बसला होता. एके दिवशी खटावकरांना वाटलं, याने दोन बोटं सरकून बसायला काय हरकत होती? पुढे एकदा वाटलं, बरा झाला ते चांगलं झालं बिचारा.

असे चार महिने गेले. एक दिवस योगाच्या बाईंना ताप आला आणि वर्ग लवकर सुटला. वनिताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा खटावकर पलंगावर बसले होते. मांडीवर इरकली, इरकलीवर फोटो.

"तरीच म्हटलं, साड्यांच्या घड्या कोण मोडतंय," वनिताबाई म्हणाल्या. "मी उंदराचा पिंजरा आणून ठेवलाय."

खटावकर उठायला गेले, पण साडी पायात आली. "तू एकदाही काढला नाहीस," ते म्हणाले. यात तक्रार कुणाची होती, ते त्यांनाच कळलं नाही.

"नाही काढला."

"मग मागितलास कशाला?"

"कुठेतरी असावा म्हणून. बघायला नव्हे." वनिताबाईंनी इरकली ओढून घेतली, झटकली आणि पुन्हा घडी घातली. फोटो मात्र त्यांनी कपाटात ठेवला नाही. तो खटावकरांच्या हातात दिला. "तुमच्या खोलीत लावा. खिळा मी देते. रोज भेटायचं तर असं चोरून नको, समोर खुर्ची टाकून बसा."

"मला काय करायचाय तो?" खटावकर म्हणाले. फोटो मात्र त्यांनी सोडला नाही.

"चार महिने रोज जाताय की त्याच्याकडे." वनिताबाईंनी कपाट लावलं आणि किल्ली फिरवली. "आता सतरा नंबर तुमच्याकडे. मी निवृत्त झालेय."